खिळा आहे, कप नाही

वर्धा जिल्ह्यातल्या नदीकाठच्या एका गावात, बौद्ध विहाराला लागून असलेल्या समाजमंदिरात, बारा फूट लांब आणि सात फूट उंच कापड टांगलेलं आहे. पोती, जुनी पातळं, माती, कोळसा, लाकूड, पितळ असं सगळं त्यात आहे. उजव्या अंगाला, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, एक गंजका खिळा आहे. बोटभर लांब, डोकं एका बाजूने चेपलेलं. त्याच्याखाली चहाच्या पाण्याचा ओघळ हातभर उतरला आहे आणि खिळ्याच्या लगत तो काळा पडला आहे. खिळ्याला काहीच अडकवलेलं नाही. बघायला आलेलं माणूस बहुतेक वेळा विचारतं, इथलं काही पडलं का?

पडलेलं नाही. तिथे काय लावायचं नाही हे नऊ बायांनी मिळून ठरवलं, आणि ते ठरायला जवळपास महिना गेला. त्या महिन्यात मी जे शिकले ते चित्रकलेच्या कुठल्या वर्गात मला शिकायला मिळालं नव्हतं. म्हणून हे सगळं प्रकरण लिहून ठेवते आहे. गावात जाऊन असं काम करू पाहणाऱ्या माझ्यासारख्या कलाशिक्षकांना ते उपयोगी पडावं. कुठे चुकले तेही लिहिते, कारण काम खरं तर चुकलेल्या जागांवरूनच पुढे गेलं.

भिंत रंगवायला बोलावलं होतं

मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. विहाराच्या समितीने बोलावलं ते समाजमंदिराची आतली भिंत रंगवायला. विषय त्यांनीच दिले होते: चवदार तळं, नागपूरची दीक्षाभूमी आणि संविधान. भिंत पाहिली तर खालून कंबरेपर्यंत ओल आणि कोपऱ्यात हात शिरेल असा तडा. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्यावरच्या भिंती अशाच फाटतात. तिथे काढलेलं चित्र दोन पावसाळ्यांत पापुद्रे होऊन पडलं असतं. मी म्हटलं, भिंतीवर नको, भिंतीपुढे कापड टांगू. गावात वाकळी शिवणाऱ्या बाया आहेत, त्यांच्याबरोबर करू.

समितीतल्या काकाजींना ते पटायला वेळ लागला. वाकळ म्हणजे पांघरायची वस्तू, ती बाबासाहेबांच्या फोटोशेजारी कशी टांगायची, हा त्यांचा प्रश्न योग्यच होता. शेवटी महिला बचत गटातल्या बायांनीच पुढाकार घेतला. एकूण नऊ जणी. सगळ्यांत लहान चौतिशीतली, सगळ्यांत थोरली पंचाहत्तरीच्या पुढची. त्या थोरल्या बाईंना सगळं गाव आजी म्हणतं, मीही तेच म्हणेन.

पहिल्या दिवशी मी घरून कच्चं चित्र काढून नेलं होतं. गळ्यात मडकं, कमरेला झाडू, वाकून चाललेला माणूस. अस्पृश्यतेचं चित्र म्हटलं की हेच डोळ्यांपुढे येतं. नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी ही प्रतिमा फार ताकदीने वापरली आहे, आणि माझ्या मनावर तिचाच ठसा होता. आजींनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे कोन हाय वं?"

मी सांगितलं.

"आमच्या गावात असं नोहतं. आमच्या गावात कप होता."

बाकीच्या जणी एकदम बोलायला लागल्या. कुणी कपाचं सांगितलं, कुणी विहिरीचं, कुणी ओंजळीत वरून ओतलेल्या पाण्याचं. माझा कागद खाली सतरंजीवर पडून राहिला.

मडकं आणि झाडू ही पेशवाईतल्या पुण्याची आठवण आहे. आमचा वर्धा-नागपूरचा मुलूख त्या काळी नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघुजी भोसले 1853 साली वारले आणि इंग्रजांनी हे राज्य खालसा केलं. म्हणून इथे अन्याय नव्हता असं मुळीच नाही. पण इथल्या अन्यायाचा आकार वेगळा होता, त्याच्या वस्तू वेगळ्या होत्या. मी त्या बायांच्या हातात दुसऱ्या गावचं दुःख देऊन तेच शिवा म्हणत होते. त्यांनी ते शिवलंही असतं, मॅडमनी सांगितलंय म्हणून. आजी बोलल्या नसत्या तर आज समाजमंदिरात एक नीटनेटकं, सगळ्यांना आधीच माहीत असलेलं चित्र लटकत असतं.

विहिरीच्या खाचा

काम आषाढी पौर्णिमेला सुरू करून आश्विन पौर्णिमेपर्यंत संपवायचं ठरलं. वर्षावासाचे ते तीन महिने विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन असतं, बाया तशाही जमतात. वाचन झालं की तासभर शिवण. दिवसा निंदण असे, आणि आश्विनानंतर वेचणी सुरू झाली की कुणाच्या हाताला सवड नसते.

पहिला मोठा तुकडा विहिरीचा झाला. गावाची जुनी सार्वजनिक विहीर आता वापरात नाही, वर जाळी आहे. काठाचे दगड मात्र शाबूत आहेत, आणि पिढ्यान् पिढ्या दोर घासून त्यांत खाचा पडल्या आहेत. काही खाचा करंगळीएवढ्या, काहींत अंगठा सहज बसतो, कडा अगदी गुळगुळीत. मी मांजरपाटाचा लांब तुकडा नेला होता. तो दगडावर ताणून धरायचा आणि वरून कोळसा फिरवायचा, म्हणजे खाचांचा ठसा कापडावर उतरतो. लहान मुलं नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तसंच.

आजी काठाशी आल्या आणि थांबल्या. मग पुढे वाकून त्यांनी एका खाचेत बोट घातलं, ते खाचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. दुसऱ्या खाचेत घातलं. असं पाच-सहा खाचांतून.

"यात माह्या दोराची एकही नाही," म्हणाल्या.

त्या लहानपणी आईबरोबर गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, घेऊन यायच्या त्या काठाखालच्या चिखलात उभ्या राहायला. वरच्या कुणा बाईला दया आली की ती आपल्या बादलीतलं पाणी लांबून गुंडात ओतायची. कधी तासभर कुणी ओतायचं नाही. दोर कधी त्यांच्या हातात आलाच नाही, त्यामुळे दगडावर त्यांची खूण असण्याचा प्रश्नच नव्हता. एवढी वर्षं मी अशा खाचांकडे गावाच्या कष्टाची सुंदर निशाणी म्हणून पाहत आले, विद्यार्थ्यांकडून त्यांची रेखाटनं करून घेत आले. त्या दुपारनंतर मला तसं बघता येत नाही.

याच जिल्ह्यात 1928 साली जमनालाल बजाजांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुलं केलं. 1936 पासून गांधीजी सेवाग्रामला राहू लागले. अमरावतीत 1927 साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला होता. 1955 साली अस्पृश्यता पाळणं हा कायद्याने गुन्हा ठरला. आणि तरीही 1972 साली बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ सुरू करावी लागली, कारण गावोगाव पाणी वेगळंच होतं. आजींच्या गावात हातपंप आला तेव्हा विहिरीचा प्रश्न आपोआप मागे पडला. कुणी कुणाला विहिरीवर ये म्हटलं नाही. विहीर आटली, आणि तिच्याबरोबर ती गोष्टही आटली असं गावाने धरून घेतलं.

खाचांचा ठसा कापडाच्या डाव्या बाजूला आडवा शिवला आहे. त्याच्या खाली बायांनी चिखलाची पट्टी केली. गावचीच काळी माती, त्यात कापसाची रूई आणि फेव्हिकॉल. वाळल्यावर ती तडकली. मी दुरुस्त करायला निघाले तर त्यातली एक ताई म्हणाली, राहू द्या, उन्हाळ्यात अशीच असते.

दाभण, खळ, पळस

सामानाबद्दल थोडं लिहायला हवं, कारण आशय पोचला तरी वस्तू टिकली पाहिजे. मागचा थर तागाच्या पोत्यांचा, दाभणाने आणि सुतळीने जोडलेला. पुढचा थर जुन्या पातळांचा, वाकळीच्या धावदोऱ्याने घट्ट केलेला. मधले कागद चिकटवायला मैद्याची खळ केली. पहिल्या खळीत मोरचूद घालायला विसरले, आठवडाभरात झुरळांनी दोन वीत भाग खाल्ला. बुकबाइंडरांची जुनी रीत आहे ती, विसरू नये. मात्र मोरचूद विषारी आहे, लेकरांच्या हाताला लागू देऊ नये.

केशरी रंग पळसाचा. फाल्गुनात वेचून वाळवलेली फुलं एका घरी होती, ती तुरटी टाकून उकळली. पाण्यात चुन्याची निवळी घातली की तोच रंग तांबडा व्हायला लागतो. उन्हात तो उडतो, म्हणून कापड खिडकीसमोर टांगलेलं नाही.

पोत्यांचा थर शिवताना मी मोबाइलवर बायांना चिलीतली चित्रं दाखवली. त्या देशात सप्टेंबर 1973 मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि हजारो माणसांना छळलं, मारलं, कित्येक जण कायमचे गायब झाले. त्यांच्या आयाबायकांनी सांतियागो शहरात पोत्याच्या कापडावर चिंध्यांचे तुकडे शिवून आपली हकिगत सांगितली. छोट्या बाहुल्या, घरं, दारात उभे शिपाई. चर्चच्या एका संस्थेने ते तुकडे देशाबाहेर विकायला मदत केली, म्हणून त्या बायांच्या चुली पेटल्या आणि जगाला गोष्ट कळली. फोन नऊ हातांतून फिरला. "पोतं आपल्यासारखंच हाय," एवढीच पहिली प्रतिक्रिया आली. मग एकीने विचारलं, "यायची मानसं सापडली का?" मी सांगितलं की पुष्कळांची नाही. त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही, दोरे ओवत राहिल्या.

एका घरातून मागावर आडवा धागा नेणारा लाकडी धोटा आला. नागपूर, भंडारा, वर्धा या भागात महार समाजातली पुष्कळ घरं जाडंभरडं कापड विणत असत. गिरण्यांचं स्वस्त कापड आलं आणि घरचे माग बसले. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 ची. विणणारे हात मजूर होऊन गिरण्यांच्या दारात गेले. मुंबईच्या गिरण्यांत तर अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेतच नसत, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि बाकीच्यांना त्यांचं उष्टं चालत नसे. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न धसास लावला. हे मी सांगितल्यावर धोटा आणणाऱ्या काकूंनी तो तोंडाजवळ नेऊन पाहिला, श्वास आत ओढला, आणि कापडावर जिथे ओंजळीचं चित्र यायचं होतं त्याच्या शेजारी ठेवला. तो तिथेच शिवला आहे.

तुमच्या घरून काय आणलं?

ओंजळ करायची होती तेव्हाची गोष्ट. वरून पाणी ओतणारा हात कसा दाखवायचा यावर मी बोलत होते. बोलता बोलता एकीने सरळ विचारलं, "मॅडम, तुमच्या घरून काय आणलं तुमी?"

मी कुणबी घरातली. माझं माहेर इथून चाळीस-एक किलोमीटरवर. माझी आजी प्रेमळ होती, गावात तिला मान होता, आणि निंदायला येणाऱ्या बायांना ती अंगणाच्या पायरीवरून गडूने पाणी ओतायची. खाली ओंजळी. मी पाच-सहा वर्षांची असेन, मला ते पाणी पडताना बघायला आवडायचं. पायरीवर कधी थेंब उडाला तर आजी लगेच तिथे पाणी शिंपडायची. एवढे दिवस मी या नऊ जणींच्या आठवणी वहीत उतरवून घेत होते आणि माझी ही आठवण माझ्याजवळच ठेवली होती.

त्या दिवशी सांगितली. कुणी चिडलं नाही, कुणी समजूतही काढली नाही. आजी म्हणाल्या, "गडू हाय का अजून?"

गडू होता. आईकडे, देवघराच्या वरच्या फळीवर. आईला फोन केला तर ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "माझ्या सासूची वस्तू तिथे नेऊन टांगणार? लोक काय म्हणतील तिला?" पुढचे चार दिवस आमचं नीट बोलणं झालं नाही. पाचव्या दिवशी तिचा फोन आला. ती म्हणाली की लग्न होऊन आल्यावर तीसुद्धा त्याच गडूने तसंच पाणी ओतायची. ये आणि घेऊन जा.

तो पितळी गडू आता कापडाच्या वरच्या काठाला तिरपा बांधला आहे. त्याच्या तोंडातून पांढऱ्या चिंध्या खाली येतात, दोन शिवलेल्या तळहातांपर्यंत. गडूच्या बाजूला काळ्या दोऱ्याने माझ्या आजीचं नाव, गाव आणि आमचं आडनाव विणलं आहे. ते मी स्वतः विणलं. बायांचा तसा नियमच झाला होता: वस्तू द्यायची तर नाव लावून द्यायची. ज्यांच्या वस्तू त्यांची नावं, मग ते ओंजळीच्या बाजूचे असोत की गडूच्या.

कप

एसटी थांब्याजवळचं हॉटेल गावातलं सगळ्यांत जुनं. हॉटेलपुढच्या सागाच्या खांबाला बाहेरच्या अंगाने खिळा होता आणि त्यावर कान फुटलेला कप टांगलेला असे. विहाराकडच्या वस्तीतलं माणूस आलं की त्याने स्वतः कप काढायचा, पुढे धरायचा, वरून ओतलेला चहा घ्यायचा, जमिनीवर बसून प्यायचा, कप विसळून परत टांगायचा. पैसे दगडावर ठेवायचे. ते पाणी मारून उचलले जायचे. हे कधीपर्यंत चाललं असं विचारलं तर आजी साल सांगत नाहीत. थोरल्या मुलाच्या लग्नापर्यंत होतं, म्हणतात. म्हणजे कायदा होऊन किती तरी वर्षं झाली होती.

हॉटेलवर स्लॅब पडला तेव्हा जुना खांब मोडीत निघाला. त्या कामावरचा मिस्त्री आमच्या नऊ जणींपैकी एकीचा मुलगा. त्याने खांबाचा खिळ्यासकट हातभर तुकडा कापून घरी आणून ठेवला होता, कशासाठी ते त्यालाही सांगता येत नव्हतं. तो तुकडा आम्हाला मिळाला.

मग एका संध्याकाळी हॉटेलवाल्यांची धाकटी सून विहाराच्या दाराशी आली. पदराखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला कप. पांढरा, काठाला निळी रेघ, कान अर्धा. माळ्यावरच्या पेटीत सापडला म्हणाली. "हा तुमच्या कामाचा आहे ना? पण आमचं नाव नका लावू. घरात माहीत नाही."

मला फार आनंद झाला होता, हे कबूल करते. खांब, खिळा आणि खराखुरा कप! कुठल्याही कलादालनात लोक त्यापुढे थबकले असते. मी कप खिळ्याला लावूनही पाहिला. बरोबर बसला, इतक्या वर्षांची सवय असल्यासारखा.

बायांमध्ये दोन मतं पडली. तिघी-चौघींना वाटत होतं, बिचारी एवढी हिंमत करून आली, तिचा मान ठेवावा. बाकीच्यांचं म्हणणं वेगळं होतं. नाव न लावता दिलेली वस्तू म्हणजे पुन्हा वरून ओतल्यासारखंच झालं: द्यायचं, पण हात लागू द्यायचा नाही. मॅडमने आजीचं नाव लावलं ना, मग यांना काय अडचण? मी मध्ये पडून सुनेची बाजू मांडली. तिचं सासर आहे, तिच्यावर काय वेळ येईल याचा विचार करा. ते सगळ्यांना मान्य होतं, आणि म्हणूनच तिचं नाव कुणी कुठे बोललं नाही, मीही इथे लिहिलेलं नाही. पण कप लावायचा की नाही हा प्रश्न वेगळा होता. जवळपास महिनाभर तो कप वर्तमानपत्रात गुंडाळलेला विहाराच्या कपाटात राहिला.

शेवटी आजी बोलल्या. "तो कप माह्या नजरेपुढं कायले पायजे? खिळा माह्या नातवानं आणला, तो आपला. कप त्यायचा. त्यायनं सांगावा."

कप सुनेला परत दिला. खांबाचा तुकडा कापडात बसवला. खिळ्याखाली चहाचं पाणी ओतायची कल्पना मिस्त्री पोराची. चहातला तुरटपणा आणि लोखंडाचा गंज एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि लोखंड वापरून काळी शाई करायचे तेच तत्त्व. आम्ही चार दिवस रोज थोडं थोडं पाणी ओतलं. पहिल्या दिवशी तपकिरी, तिसऱ्या दिवशी खिळ्याशी करडं, चौथ्या दिवशी काळं.

दोन थरांच्या मध्ये

सगळ्यांत अवघड गोष्ट यानंतर आली, आणि ती बाहेरच्या लोकांशी नव्हती.

आजी सात वर्षांच्या असताना वडिलांबरोबर पुलगावहून रेल्वेने नागपूरला गेल्या होत्या. 14 ऑक्टोबर 1956, अशोक विजयादशमी. भिक्खू चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या समुदायाला स्वतः 22 प्रतिज्ञा दिल्या. आजींना शब्द आठवत नाहीत, पांढरा रंग आठवतो. बापाच्या खांद्यावरून जिकडे पाहावं तिकडे पांढरं. आईने त्या दिवसासाठी घेतलेल्या पांढऱ्या पातळाचा तुकडा त्यांनी जपून ठेवला होता, तो कापडाच्या अगदी मधोमध आहे. त्यावर काहीही काढलेलं नाही, हे त्यांनीच बजावलं होतं.

गावी परतल्यावर घरोघरचे देव टोपल्यांत भरून नदीत सोडले. आजींच्या आईनेही सोडले. एक सोडून. मरीमायचा पितळी टाक तिने ज्वारीच्या कोठीत खाली दडवला. मरीमाय म्हणजे पटकीची देवी, आणि तिची दोन लेकरं पटकीने गेली होती. तिने पुढे कधी त्या टाकाला हळद-कुंकू वाहिलं नाही, कुणाला दाखवला नाही. मरताना लेकीला सांगून गेली.

तो टाक आजींना कापडात शिवायचा होता. वस्तीतल्या पोरांनी हरकत घेतली. देवदेवतांना मानणार नाही, पूजणार नाही हे प्रतिज्ञांमध्ये स्वच्छ आहे, आणि विहाराच्या भिंतीवर मरीमाय? त्यातल्या एका मुलाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, तुम्हाला ही कला वाटते. उद्या कुणी इथे नारळ फोडलं तर आम्हाला निस्तरावं लागेल." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ज्या समाजाने एवढ्या निर्धाराने एक दार बंद केलं, त्याला ते पुन्हा किलकिलं करायची भीती वाटणारच. मी त्यावर बोलण्याच्या लायकीची नाही असं ठरवून गप्प राहिले. माझ्या मते या कामात मी घेतलेला तो सगळ्यांत बरा निर्णय.

आजी रोज त्रिशरण-पंचशील म्हणतात. त्यांनी पोरांना एवढंच सांगितलं, "म्या हे देव म्हनून नाई शिवत. माह्या मायचं भेव शिवते." टाक शेवटी दोन थरांच्या मध्ये गेला, पांढऱ्या पातळाच्या मागे, पोत्याच्या पुढे. पुढून दिसत नाही. हात फिरवला तर त्या जागी काहीतरी कडक लागतं. बहुतेकांना हे चाललं. तो मुलगा मात्र पुन्हा शिवणाच्या वेळी आला नाही, आणि माझ्याशी अजून तुटकच वागतो.

ग्रामपंचायतीत चार दिवस

संविधान दिनाला, 26 नोव्हेंबरला, कापड ग्रामपंचायतीच्या सभागृहात चार दिवस लावलं. गावाच्या दोन्ही बाजूंनी यावं म्हणून. भाषणं ठेवली नाहीत. बाया वेचणीहून आल्या की पाळीपाळीने शेजारी बसत. जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं, असं म्हणणारे आले. कशाला लोकांची मनं दुखवता, असंही एकाने सुनावलं. शाळेची पोरं आली, त्यांनी गडूतल्या चिंध्यांना हात लावून बघितला. तिसऱ्या दिवशी वरच्या आळीतले एक म्हातारे बाबा काठी टेकत आले, सगळं सोडून खिळ्यापुढे उभे राहिले.

"इथं कप होता," ते म्हणाले.

"होता," आजी म्हणाल्या.

थोडा वेळ ते तसेच उभे होते. मग गेले. एवढंच झालं. मी नंतर आजींना विचारलं, ते कोण? तर म्हणाल्या, चहा ओतायचे ते.

त्याच संध्याकाळी मी एक प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता. अशा कामातून जखमा भरतात असं मी शिकले होते, तसं मानूनच आले होते. म्हणून विचारलं, आजी, आता थोडं बरं वाटतं का?

"बरं व्हाले मी काय बिमार होती? बिमार तं गाव होतं."

त्यानंतर शाळेत, शिबिरात, कुठेही या कामाबद्दल सांगताना मी 'बायांना बरं वाटावं म्हणून' असं म्हणत नाही. त्यांनी आपली नावं, आपला दोर, आपलं पांढरं पातळ गावापुढे ठेवलं. औषध कुणाला हवं होतं ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, कळायला उशीर मला लागला.

ठिगळ

चहा आणि गंजाचा तो काळा रंग कापडाला हळूहळू खातो. धागा ठिसूळ होतो आणि तुटतो. हे मला आधी माहीत होतं, मी बायांना सांगितलंही होतं. रंग नको असेल तर साध्या काळ्या दोऱ्याने शिवू म्हटलं होतं. त्यांनी तोच रंग ठेवायला सांगितला आणि दर वर्षावासात तिथे ठिगळ लावायचं ठरवलं. आतापर्यंत दोन ठिगळं लागली. पहिलं काकूंच्या पातळाचं, दुसरं माझ्या आईने पाठवलेल्या खणाचं. दोन्हींवर नावं आहेत.

या आषाढी पौर्णिमेला कापड उतरवलं तर खिळ्याखाली करंगळी जाईल एवढं भोक पडलेलं. आम्ही ठिगळाचं बोलत असतानाच हॉटेलवाल्यांची सून आली. या वेळी हातात काही नव्हतं. दारातूनच विचारलं, माझ्या साडीचा तुकडा चालेल का?

आजींनी दाभण खाली ठेवलं. "नाव लावशीन?"

ती थोडा वेळ उंबऱ्यावर उभी राहिली. "घरी विचारून सांगते," म्हणाली.

पावसाळी हवेत भोक वाढत जातं, म्हणून आजींनी कडेने सुतळीचे चार टाके घालून ठेवले आहेत. ठिगळ अजून लावलेलं नाही.